हृदयविकार : मागच्या जन्मीचे पाप की मागच्या पिढीची भूक?

आपल्या वस्तीतला पन्नाशीच्या आतबाहेरचा माणूस हृदयविकाराच्या झटक्याने गेला की अंत्ययात्रेत दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले, 'अहो, अंगाने तर काटक होता, चरबी होतीच कुठे त्याच्या अंगावर?' आणि दुसरे, 'चालायचेच, ज्याचे त्याचे भोग!' पहिल्या वाक्यात अज्ञान आहे. दुसऱ्या वाक्यात गुलामी आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही हे दुसरे वाक्य उच्चारले जाते, याची खंत वाटते. आजच्या विज्ञानाने या दोन्ही वाक्यांचे उत्तर दिले आहे. त्या उत्तरातला एक मोठा भाग आपल्या पुणे जिल्ह्यातील खेड्यांतून निघाला आहे. तरीही ते उत्तर आपल्या बुद्धविहारांपर्यंत आणि महिला मंडळांपर्यंत पोहोचलेले नाही. म्हणून हा लेख.

हार्ट अटॅक हा खात्यापित्या घरचा रोग, शेटजींचा रोग, अशी आपली जुनी समजूत आहे. पण ५२ देशांतील रुग्णांवर झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासाने २००४ साली आणि त्यावर आधारित २००७ च्या विश्लेषणाने वेगळे चित्र दाखवले. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका या पाच देशांत पहिला झटका येण्याचे मधले वय ५३ वर्षे निघाले, तर इतर देशांत ते सुमारे ५९ वर्षे होते. म्हणजे आपल्याकडे माणूस सहा वर्षे आधी कोसळतो. कारणे सगळीकडची सारखीच आहेत : तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील वाईट चरबी, पोटाचा घेर, फळभाज्यांचा अभाव, शरीरश्रमाचा अभाव, मनावरचा ताण. फरक एवढाच की आपल्याकडे ती लवकर गाठतात.

ही सहा वर्षे किरकोळ नाहीत. आपल्या समाजात घरातला पहिला शिकलेला माणूस तिशीत नोकरीला लागतो, चाळीशीत घराचे हप्ते फेडतो, आणि पन्नाशीत कुठे त्याची मुले महाविद्यालयात पोहोचतात. समाजाचे ऋण फेडायची वेळ आलेली असते आणि नेमका तेव्हाच तो जातो. घर पुन्हा एक पिढी मागे फेकले जाते. उच्चवर्णीय घरात आजोबांचा वाडा असतो, काकांची ओळख असते. आपल्या घरात त्या एका माणसाच्या पगाराशिवाय काही नसते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नऊ राज्यांतील आयुर्मान जातीनिहाय तपासले गेले. उच्च जातीच्या हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुष्य तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी भरले. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता हे खरे. पण म्हणून महाराष्ट्राला निर्दोष सोडता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. काटक दिसणाऱ्या माणसाच्या अंगात चरबी असते का? असते, आणि ती नको त्या जागी असते. शरीरातली चरबी म्हणजे गोदामात ठेवलेले तूप, अशी पूर्वी डॉक्टरांचीही कल्पना होती. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने 'लेप्टिन' हे प्रथिन शोधले. चरबीच्या पेशी ते तयार करून रक्तात सोडतात आणि ते मेंदूला 'साठा पुरेसा आहे' असा निरोप देते. लगेच १९९५-९६ च्या सुमारास 'अ‍ॅडिपोनेक्टिन' हे दुसरे प्रथिन सापडले. तेव्हापासून हे स्पष्ट झाले की चरबी हे गोदाम नसून चालता कारखाना आहे. त्यातून अनेक प्रथिने रक्तात जातात. काही भुकेचा हिशेब ठेवतात, काही इन्सुलिनला मदत करतात, तर काही शरीरात सतत धुमसणारा दाह निर्माण करतात.

यात अ‍ॅडिपोनेक्टिनची गंमत अशी की ते चरबीतच तयार होते, पण पोटातली चरबी वाढली की त्याचे रक्तातले प्रमाण घटते. कारखाना मोठा आणि हा माल कमी. उलट इंटरल्युकिन-६ सारखी दाह पेटवणारी प्रथिने वाढतात. त्यांच्या सांगण्यावरून यकृत सीआरपी नावाचे प्रथिन जास्त तयार करते. आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली ही चरबी मांडीवरच्या किंवा दंडावरच्या चरबीपेक्षा अधिक घातक असते. इन्सुलिनचे काम बिघडते, साखर आणि रक्तातली चरबी वाढते, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला दाह पोहोचतो आणि हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी हळूहळू आतून जाड होत जाते. एके दिवशी तिथली खपली फुटते, रक्ताची गुठळी होते, आणि आपण म्हणतो 'अचानक गेला'. तो अचानक गेलेला नसतो. ही तयारी वीस-तीस वर्षे चाललेली असते.

आम्हा वकील मंडळींना साक्षीदार आणि आरोपी यांतला फरक पहिल्या वर्षीच शिकवतात. रक्तातली ही प्रथिने साक्षीदार आहेत की आरोपी, हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा आहे. २००४ साली अमेरिकेतील सुमारे १८ हजार पुरुषांच्या अभ्यासात दिसले की ज्यांच्या रक्तात अ‍ॅडिपोनेक्टिन सर्वाधिक होते, त्यांना पुढील सहा वर्षांत हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका सर्वात कमी प्रमाण असलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी कमी होता. गाजावाजा झाला. पण उलटतपासणीत ही साक्ष डळमळली. २००६ साली ब्रिटिश पुरुषांवरील अभ्यासात आणि तोवरच्या अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात हा संबंध फारच कमकुवत निघाला. डेन्मार्कमध्ये हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांत तर उलटेच दिसले. ज्यांचे अ‍ॅडिपोनेक्टिन जास्त, त्यांचे मृत्यू जास्त. २०१६ साली जनुकांच्या आधारे तपासणी झाली. ज्यांच्यात जन्मतःच हे प्रथिन अधिक असते, त्यांना हृदयविकारापासून संरक्षण मिळते असे काही सिद्ध झाले नाही. तात्पर्य, अ‍ॅडिपोनेक्टिन कमी असणे ही खूण आहे. पोटात चरबी साठली आहे आणि इन्सुलिनचे काम बिघडले आहे, एवढे ती सांगते. गुन्हा तिने केला असे म्हणता येत नाही.

दाहाचे मात्र तसे नाही. २०१७ साली दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवर झालेल्या 'कँटोस' चाचणीत केवळ दाह कमी करणारे औषध दिले गेले, आणि हृदयविकाराचे झटके व तत्सम घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. त्या औषधाने जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले, शिवाय त्याची किंमत भरमसाट, म्हणून ते काही वापरात आले नाही. पण दाहावरचा आरोप बऱ्याच अंशी सिद्ध झाला. तथागतांनी सांगितलेला प्रतीत्यसमुत्पाद इथे आठवतो. हे असले म्हणजे ते होते, हे थांबले म्हणजे ते थांबते. एका कारणावर बोट ठेवून भागत नाही, साखळी पाहावी लागते. आणि ही साखळी मागे मागे नेत गेलो की आपण आईच्या पोटापर्यंत जाऊन पोहोचतो.

इथे पुण्याची गोष्ट सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या बायांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची सुमारे १५२ सेंटिमीटर होती. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची जन्मली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची होती. आपले बाळ सगळ्याच बाबतीत लहान असणार असे कुणालाही वाटेल. परंतु मोजमाप केल्यावर दिसले की स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि चरबी मात्र जवळपास शाबूत आहे. निसर्गाने काटकसर करताना स्नायूंवर आणि अवयवांवर कात्री चालवली, चरबी राखली. २००२ साली पुण्याच्या आणि लंडनच्या नवजात बाळांच्या नाळेतले रक्त तपासले गेले, तेव्हा आपल्या बाळांच्या रक्तात वजनाच्या मानाने लेप्टिन आणि इन्सुलिन जास्त सापडले. चरबीची साक्ष जन्माच्या क्षणीच हजर होती. या शास्त्रज्ञांनी अशा बाळाला 'बारीक पण चरबीयुक्त' असे म्हटले आहे.

मोठेपणीही हाच साचा टिकतो. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले गेले. उंचीच्या मानाने वजन मोजणारा बीएमआय दोघांचाही २२.३, म्हणजे तंतोतंत सारखा. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर दोघे सारखे, आत दुपटीहून अधिक अंतर. कॅनडात स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांच्या रक्तातही तिथल्या इतर समाजांच्या तुलनेत अ‍ॅडिपोनेक्टिन कमी आढळले आहे. देश बदलला, पगार बदलला, तरी शरीराने जन्माआधीचा हिशेब सोडलेला नाही.

उपाशी गर्भाचा आणि हृदयविकाराचा संबंध डेव्हिड बार्कर या ब्रिटिश संशोधकाने १९८९ मध्येच मांडला होता. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ ते १९३० दरम्यान जन्मलेल्या साडेपाच हजारांहून अधिक पुरुषांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. जन्माच्या वेळी आणि वर्षाचे असताना ज्यांचे वजन कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण जास्त निघाले. दिल्लीत १९६९ ते १९७२ दरम्यान जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा झाला आणि २००४ साली निष्कर्ष आले. जी मुले पहिल्या दोन वर्षांत रोड होती आणि पुढे ज्यांचे अंग भराभर भरत गेले, त्यांनाच ऐन तिशीत मधुमेहाने गाठले. हे वर्णन कोणाचे आहे, वाचकहो? झोपडीत जन्मलेल्या, वसतिगृहात वाढलेल्या आणि मग टेबलाशी बसून आठ तास काम करणाऱ्या आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीचे हे वर्णन आहे. बाप हमाल होता, तो भाकरी घामात जिरवायचा. मुलगा कारकून आहे, गाडीचालक आहे, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक आहे. घास वाढला, घाम आटला, आणि शरीर मात्र दुष्काळाच्या तयारीने जन्मलेले.

पुण्यातच उंदरांवर झालेला एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. उंदरांच्या तब्बल ५० पिढ्यांना अर्धपोटी ठेवण्यात आले. त्यांच्यात मधुमेहाची आणि चरबी साठण्याची प्रवृत्ती वाढली. नंतर सलग दोन पिढ्यांना पोटभर खाऊ घातले, तरी ती प्रवृत्ती गेली नाही. उंदरावरचा निष्कर्ष माणसावर जसाच्या तसा लादता येत नाही, हे मी जबाबदारीने लिहितो. शिवाय पुण्याच्या खेड्यांतला अभ्यास काही जातीचा अभ्यास नव्हता. कुपोषण फक्त आपल्याच घरात होते असेही नाही. पण शेकडो वर्षे ज्यांच्या वाट्याला शिळेपाके, जोहार घालून मागितलेली भाकर आणि सर्वात शेवटी भरायचे पाणी आले, त्यांच्या बायांची पोटे या देशात सर्वाधिक काळ रिकामी राहिली, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. इतिहास पुरेसा आहे.

म्हणूनच 'भोग' हा शब्द मला सहन होत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत साफ नाकारला. गरिबाला त्याच्याच दारिद्र्याचा गुन्हेगार ठरवणारी आणि राज्याला जबाबदारीतून मोकळी करणारी ती शिकवण आहे, हे त्यांनी ओळखले होते. आज विज्ञानही सांगते की झटक्याने गेलेल्या माणसाच्या रक्तात मागच्या जन्मीचे पाप नव्हते, मागच्या पिढीची भूक होती. पापाला प्रायश्चित्त लागते. भुकेला अन्न लागते, आणि अन्न हा हक्काचा विषय आहे.

पुण्याच्या त्याच अभ्यासाने आणखी दोन गोष्टी दाखवल्या. ज्या गरोदर बायांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे जन्मताना मोठी होती. आणि ज्या बाया शेतात, पाणी भरण्यात, घरकामात अधिक राबत होत्या, त्यांची बाळे लहान होती. म्हणजे आईच्या डोक्यावरचा हंडा बाळाच्या वजनातून वजा होतो. हे २००१ आणि २००३ साली शास्त्रीय नियतकालिकांत छापून आले. पण गरोदर कामगार स्त्रीला विश्रांती हवी, पगारी विश्रांती हवी, ही मागणी त्याआधी पाऊणशे वर्षे मुंबईच्या विधिमंडळात एका माणसाने केली होती. जुलै १९२८ मध्ये प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की प्रसूतीपूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, आणि जो मालक तिच्या श्रमातून नफा कमावतो त्यालाही त्यातून अंग काढून घेता येणार नाही. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही त्यांनी दुरुस्त्या घडवून आणल्या. नाळेतल्या रक्ताची तपासणी तेव्हा नव्हती. त्यांच्याकडे न्यायबुद्धी होती.

आज काय स्थिती आहे? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन २६ आठवड्यांची पगारी रजा आली. पण ती दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांतील नोकरदार बाईला. बांधकामावर विटा वाहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी, उसाच्या फडात कोयता चालवणारी बाई त्यात कुठे आहे? कामाचा खाडा परवडत नाही म्हणून बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायांची गर्भाशये काढली गेल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. जिथे मासिक पाळीसाठी रजा नाही, तिथे बाळंतपणासाठी काय असणार?

कायद्याचा कागद मात्र चांगला आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याचे कलम ४ म्हणते की प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला गरोदरपणात व बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहार मिळेल आणि किमान सहा हजार रुपये प्रसूती लाभ मिळेल. अपवाद आहे तो सरकारी नोकरीत असलेल्या किंवा असाच लाभ आधीच मिळत असलेल्या स्त्रियांचा. मग २०१७ साली आलेली प्रधानमंत्री मातृवंदना योजना काय करते? ती पहिल्या बाळंतपणाला पाच हजार देते, आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच सहा हजार देते. बाकीची रक्कम जननी सुरक्षा योजनेतून मिळून सरासरी सहा हजार होतात, असा सरकारचा युक्तिवाद आहे. कायद्यात 'किमान' असा शब्द आहे, 'सरासरी' असा नाही. संसदेने दिलेला हक्क योजनेच्या नियमावलीने कापता येतो का? दुसरा मुलगा पोटात असलेली आई उपाशी राहिली तर चालते का? हा प्रश्न आपल्या वकील संघटनांनी, महिला संघटनांनी आणि समाजाच्या मतांवर निवडून गेलेल्या आमदार-खासदारांनी विचारायला हवा. संविधानाच्या अनुच्छेद ४७ ने पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. ही या कर्तव्याची गुणपत्रिका आहे.

ताटात काय असावे यावरही आता पहारा बसला आहे. पुण्याच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गरोदर बायांत ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले, आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा आयांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनचे काम बिघडू लागल्याची चिन्हे होती. ब-१२ मिळते ते दूध, अंडी, मासे आणि मांसातून. गरिबाचे स्वस्त मांस या राज्यात २०१५ साली कायद्याने बंद झाले. शाळेच्या पोषण आहारात २०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडे सुरू झाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवून 'लोकवर्गणीतून द्या' असे सांगितले. आजची शाळकरी मुलगी ही दहा-पंधरा वर्षांनंतरची आई आहे. तिच्या ताटातले एक अंडे काढणारे हात तिच्या बाळाच्या हृदयापर्यंत पोहोचतात.

दुसऱ्या बाजूला बाजार टपून बसलेला आहे. 'संपूर्ण शरीर तपासणी'च्या जाहिराती वस्त्यांपर्यंत आल्या आहेत. नवनव्या प्रथिनांची नावे छापून हजारो रुपयांची पॅकेजे विकली जातात. वर सांगितलेली उलटतपासणी लक्षात ठेवा. हृदयविकाराचा धोका ओळखण्यासाठी अ‍ॅडिपोनेक्टिन किंवा लेप्टिन सरसकट तपासा, अशी शिफारस प्रमुख वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांत नाही. संशोधनासाठी ती प्रथिने मोलाची आहेत. आपल्या खिशासाठी नाहीत. रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि रक्तातली चरबी या साध्या तपासण्या बरेच काही सांगतात. त्यांतल्या रक्तदाब आणि साखरेच्या तपासण्या तर सरकारी आरोग्य केंद्रात होतात.

आणि एक तपासणी तर फुकटची आहे. सुतळीचा एक तुकडा घ्या. आपल्या उंचीइतका कापा. मधोमध दुमडून अर्धा करा. तो अर्धा तुकडा बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती फिरवा, श्वास रोखून पोट आत न ओढता. टोके जुळली नाहीत, तर सावध व्हा. पोटाचा घेर उंचीच्या अर्ध्याहून अधिक आहे. टेप असेल तर भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि स्त्रीला ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा समजतात. पँटचा नंबर हा पुरावा धरू नका, कारण पट्टा पोटाखाली सरकतो. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण आहे. 'सुखवस्तू झालोय' म्हणून तिच्यावरून हात फिरवण्याचे दिवस गेले.

मोजून झाल्यावर काय? तंबाखू, मशेरी, गुटखा, विडी बंद. पाचवे शील फक्त दारूपुरते मर्यादित आहे अशी पळवाट आपण काढून ठेवली आहे, ती बुजवावी. रोज अर्धा तास भरभर चालावे. भाकरी, डाळी, पालेभाज्या, अंडी, मासे हे आपले जुने अन्न पाव, फरसाण आणि शीतपेयांपेक्षा कितीतरी सरस आहे. कोसल देशाचा राजा प्रसेनजित भरमसाट जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला मंत्र-तंत्र दिले नाहीत. मात्रा जाणून जेवावे, एवढेच सांगितले. राजाने जवळच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावला, रोज जेवताना म्हणायला सांगितले, आणि हळूहळू घास कमी करत तो हलका झाला. शिक्षा नाही, उपवासाचे व्रत नाही, रोजची आठवण. मध्यम मार्ग तो हाच. पण लक्षात असू द्या, हा उपदेश भरल्या ताटासमोर बसलेल्या राजाला होता. रिकाम्या ताटासमोर बसलेल्या गरोदर बाईला तो सांगणे हा धम्माचा विपर्यास ठरेल. तिला मात्रा वाढवून हवी आहे.

म्हणून काम दुहेरी आहे. आपल्या जयंती समित्या दरवर्षी वर्गणी गोळा करतात. त्यातला काही भाग १४ एप्रिलच्या आधीच्या आठवड्यात विहारात रक्तदाब, साखर आणि पोटाचा घेर मोजण्यासाठी खर्च करावा. चाळीशी ओलांडलेल्या प्रत्येकाची नोंदवही ठेवावी आणि वर्षावासात ती पुन्हा तपासावी. महिला मंडळांनी वस्तीतल्या प्रत्येक गरोदर सुनेचे आणि लेकीचे नाव अंगणवाडीत नोंदले आहे का, पोषण आहार मिळतो का, मातृवंदनेचे पैसे आले का, हे विचारावे. आले नसतील तर लेखी अर्ज करावा आणि पोच घ्यावी. अन्न सुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याकडे तक्रार टाकावी. घरातल्या पुरुषांनी सातव्या महिन्यातल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा आपल्या डोक्यावर घ्यावा. त्याला शासन निर्णय लागत नाही.

बाबासाहेबांना मधुमेहाने आतून पोखरले होते. १९५६ साली, वयाच्या अवघ्या ६५ व्या वर्षी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. आणखी दहा वर्षे ते लाभले असते तर, हा विचार आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येऊन गेला आहे. ती दहा वर्षे आता परत येणार नाहीत. पण आपल्या घरात शिकून उभ्या राहिलेल्या माणसांची सहा वर्षे वाचवणे आपल्या हातात आहे. आणि आज पोटात असलेल्या बाळांची त्याहून कितीतरी अधिक. त्यासाठी आईच्या ताटापासून सुरुवात करावी लागेल, आणि ते ताट भरले जाईपर्यंत सरकारच्या दारातून हटता येणार नाही.